मंत्रिपदाची पात्रता (भारत)

केंद्रीय किंवा राज्य मंत्रिमंडळात नेमणूक होण्यासाठी भारतीय राज्यघटनेने घातलेल्या अटी. शिक्षण, अनुभव किंवा खात्याची जाण यांची अट त्यांत कुठेच नाही. मंत्री हा विधिमंडळाचा सदस्य असावा, एवढे मात्र गृहीत धरलेले आहे. त्यामुळे खासदार-आमदाराची पात्रता हीच ओघाने मंत्र्याची पात्रता ठरते : भारतीय नागरिकत्व, लोकसभा-विधानसभेसाठी किमान २५ आणि राज्यसभा-विधान परिषदेसाठी ३० वर्षे वय, तसेच अनुच्छेद १०२ व १९१ मधील अपात्रता नसणे.

सारा वाद झाला तो या गृहीताच्या अपवादावर. सभागृहाबाहेरच्या व्यक्तीलाही मंत्री करता येते; मात्र सलग सहा महिने ती कोणत्याच सभागृहाची सदस्य नसेल, तर मुदत संपताच तिचे मंत्रिपद जाते (केंद्रात अनुच्छेद ७५(५), राज्यांत १६४(४)). या काळात तिला सभागृहात बोलता येते, मतदान करता येत नाही. सदस्य नसलेल्याला मंत्री करूच नये, अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली गेली होती. एरवी लायक असलेला माणूस एखाद्या मतदारसंघात काही कारणाने पडला, म्हणून त्याला मंत्रिमंडळाची दारे बंद का व्हावीत, असा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रतिवाद होता. मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार राहतेच, हा त्यामागचा आधार.

मुख्यमंत्रीही या सवलतीत बसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री त्रिभुवन नारायण सिंह यांच्या प्रकरणात मान्य केले. सिंह स्वतः मात्र त्याच वर्षी पोटनिवडणूक हरले आणि पायउतार झाले. सवलतीचा खरा गैरवापर पंजाबात झाला. तेजप्रकाश सिंह सप्टेंबर १९९५ मध्ये आमदार नसताना मंत्री झाले, सहा महिने भरत आल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये, निवडून न येताच, त्यांना पुन्हा शपथ देण्यात आली. त्याच विधानसभेच्या मुदतीत अशी दुसरी संधी घटनाबाह्य आहे, असा निकाल २००१ मध्ये लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात तमिळनाडूत जे. जयललिता यांची मुख्यमंत्रिपदावरील नेमणूक रद्द झाली. फौजदारी खटल्यातील शिक्षेमुळे त्या निवडणूक लढवण्यास अपात्र होत्या, आणि ज्याला निवडूनच येता येत नाही त्याला सहा महिन्यांची सवलतही मिळू शकत नाही, हे तत्त्व घटनापीठाने घालून दिले. बहुमताचा कौल ही अपात्रता पुसू शकत नाही, हा त्या निकालाचा गाभा. या विषयावरचा सर्वांत वजनदार निकाल तोच म्हणावा लागेल.

महाराष्ट्राने या मुदतीची टांगती तलवार २०२० मध्ये अनुभवली. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते, आणि पुढे कोविडमुळे निवडणुका लांबणीवर टाकल्या गेल्या. राज्यपालनियुक्त जागेवर त्यांना घ्यावे, ही मंत्रिमंडळाची शिफारस राजभवनात पडून राहिली. अखेर निवडणूक आयोगाने विधान परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक जाहीर केली आणि १४ मे रोजी, मुदतीला दोन आठवडेही उरले नसताना, ते बिनविरोध निवडून आले.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आणखी दोन बंधने आणली. पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्या सदस्याला त्याची मूळ मुदत संपेपर्यंत किंवा त्याआधी पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही. तसेच मंत्र्यांची संख्या, पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री धरून, लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ही कमाल ४३ आहे.

गुन्हा दाखल असणे किंवा आरोपनिश्चिती होणे ही अपात्रता नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील सर्वसाधारण नियमानुसार त्यासाठी दोषसिद्धी आणि किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. गंभीर आरोप असलेल्यांना मंत्री करण्यास बंदी घालावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोज नरुला खटल्यात मान्य केली नाही आणि निवड पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांच्या विवेकावर सोडली.