धावता ठेका, संथ खर्ज

गेल्या भाऊबिजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाचे ताट पुढे आले, तोच माडीवरून असा तडतडाट सुरू झाला की कोणी पत्र्यावर हरभरे ओतीत असावे. वर जाऊन पाहतो तो भाचा डोळे मिटून स्वस्थ बसलेला. आम्हां मास्तर मंडळींना दुसऱ्याची समाधी पाहवत नाही. मी म्हटले, "अरे, हे गाणे की गिरणी?"

तो म्हणाला, "मामा, तुम्ही वरचं ऐकताय. जरा खालचं ऐका."

खालचे ऐकू यायला मला चांगली पंधरा मिनिटे लागली. वर ढोलाचे ठोके मिनिटाला दीडशेच्याही पुढे पळत होते; खाली मात्र खर्जाचा स्वर निम्म्या चालीने, कुठलीही घाई नसल्यासारखा चालला होता. बुवा ठाय लयीत आळवीत आहेत आणि तबलजी चौगुनीत सुटला आहे, असे काहीसे. तुलना तंतोतंत नाही, पण मला धागा सापडला तो तिथे. या संगीताचे नावच मुळी 'ड्रम अँड बेस', म्हणजे ढोल आणि खर्ज. भाचा ऐकत होता ती ध्वनिमुद्रिका १९९५ साली इंग्लंडात निघालेली 'टाइमलेस'. कर्ता गोल्डी. आपल्या पहिल्याच संग्रहाला 'कालातीत' असे नाव देणाऱ्या माणसाचे मला प्रथम हसूच आले, हे कबूल करतो.

त्या धावत्या ठेक्याची वंशावळ मोठी रंजक आहे. १९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. पुढच्या बाजूचे गाणे गाजले, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची एक रचना होती. तिच्यात मध्येच बाकीची वाद्ये गप्प होतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ढोल वाजवितो. वेळ सहा-सात सेकंद. तेवढ्यात पेलाभर पाणीही पिऊन होत नाही. पुढे सॅम्पलर नावाचे यंत्र आले. ध्वनीचा तुकडा साठवावा, कापावा, उलटसुलट जोडावा, वेग वाढवावा, ही सोय झाली. आणि १९९० च्या सुमारास लंडनच्या पोरांनी असल्या तुकड्यांचे अक्षरशः डोंगर रचले. त्यांत कोलमनचे ते सहा सेकंद सर्वांत लाडके.

आता मी शाळामास्तर. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या पोरांना बाकावर उभे करण्यात माझी वीस वर्षे गेली. मग ही चोरी नव्हे काय? कोलमन २००६ साली वारला. त्या सहा सेकंदांचा मोबदला त्याला मिळाला नाही. २०१५ साली रसिकांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड जमविले, ते वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्या हाती पडले. हे ऋण आहे, आणि ते फिटलेले नाही, असेच माझे मत आहे. पण वहीतून उतरविलेले उत्तर जसेच्या तसे राहते. इथे मात्र जुन्या अक्षरांतून नवीच भाषा निघाली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, त्याला माझा इलाज नाही.

खर्जाची हकिगत वेगळी. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' या बोटीने जमैका वगैरे बेटांवरची माणसे इंग्लंडात उतरली, आणि नंतरही येत राहिली. त्यांनी आपल्याबरोबर खर्जाची आवड आणली. कपाटाएवढे ध्वनिवर्धक उभे करायचे आणि गाणे कानापेक्षा छातीने ऐकायचे, ही त्यांची रीत. या वस्त्यांतील मुले आणि शेजारची गोरी मुले नाचघरांत एकत्र आली, तिथे ढोल व खर्ज यांची गाठ पडली. सरकारला मात्र या नाचण्याची धास्ती पडली. १९९४ च्या कायद्यात उघड्यावरच्या रात्रीच्या नाचांना आळा घालताना 'पुनःपुन्हा येणारे ठोके' अशी संगीताची व्याख्याच घालण्यात आली. ठेका कायद्याच्या कलमात बसविण्याचा पराक्रम इंग्रजच करू जाणे!

गोल्डीचे खरे नाव क्लिफर्ड प्राइस. जन्म १९६५, वॉल्सॉल. बाप जमैकाचा, आई स्कॉटिश. पोर लहानपणीच आईपासून दुरावले, आणि अनाथालये व परक्यांची घरे यांत वाढले. पुढे भिंतींवर रंगीत अक्षरे चितारू लागला, अमेरिकेत जाऊन सोन्याचे दात विकून आला. लंडनमध्ये केमिस्ट्री आणि स्टॉर्म या दोन तबकडीवादक मैत्रिणींनी त्याला 'रेज' नावाच्या रात्रीच्या नाचाला नेले. तिथे त्याला आपली वाट दिसली. १९९२ च्या 'टर्मिनेटर' या रचनेत त्याने ढोलाचा सूर चढविला, पण वेग तसाच राखला. तबकडी जोरात फिरविली की सूर आणि वेग बरोबरच चढतात, हे आपण सर्वांनी लहानपणी करून पाहिले आहे. यंत्राने त्या दोघांची फारकत केली.

'टाइमलेस'ची पहिलीच रचना एकवीस मिनिटांची आहे. नाचघरात चार-सहा मिनिटांत तबकडी बदलण्याचा रिवाज. तिथे हे धाडस! गोल्डीला स्वतः यंत्रे चालविण्याचे तंत्र अवगत नव्हते. तो मनातले बोलून दाखवी, चित्रे काढी, आणि रॉब प्लेफर्ड ते यंत्रावर उतरवी. प्रथम लांब, धूसर स्वर येतात, मग डायान शार्लमेन हिचा आवाज उठतो. शहराच्या पोटातले जगणे आणि त्याचा ताण हा विषय. खाली ढोल बेफाम पळताहेत आणि ही बाई मात्र एकेक स्वर निवांत धरून आहे. गर्दीच्या गाडीत कडेवरच्या मुलाला थोपटणारी आई मी पाहिली आहे. तसे ते ऐकताना वाटते. मला हसू आले होते ते इथे थांबले.

सारा संग्रह या तोलाचा नाही. दुसऱ्या तबकडीवर हात बराच सैल सुटला आहे. पण 'केमिस्ट्री' ही रचना चुकवू नये. जिने त्याला नाचघरात नेले, तिच्याच नावाची ती आहे. १९९९ साली मोटारीतून परतताना, पुढच्या गाडीने उखडलेला रस्त्यातला लोखंडी खुंट काचेतून आत आला आणि ती गेली. शार्लमेनही २०१५ साली निवर्तली.

त्याच्या आदल्या वर्षी, लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, हेरिटेज ऑर्केस्ट्राने 'टाइमलेस' सबंध वाजविले. यंत्राने कापून सांधलेले ते ढोल त्या रात्री माणसाने बसून हातांनी वाजविले.