शेजारी कोण राहते? एकटेपणा आणि प्रकृती

सामाजिक एकटेपणा म्हणजे इतरांशी येणारा संपर्कच कमी होणे. एकाकीपणा ही मनातली भावना. ती भरल्या घरातही असू शकते. प्रकृतीला दोन्ही बाधतात. 2010 साली 148 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात, ज्यांचे माणसांशी संबंध चांगले होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांच्याशीही एकटेपणाचा संबंध दिसतो. कधी आजारामुळेच माणूस एकटा पडतो. ऐकू कमी येऊ लागले की आजोबा गप्पांना बसणे टाळतात, आणि घरच्यांना वाटते, स्वभाव बदलला.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र अधिक तातडीचा आहे. फ्लॅटमध्ये एकटी राहणारी व्यक्ती बाथरूममध्ये पडली आणि उठता आले नाही, तर हाड मोडण्याइतकाच धोका तासन्‌तास पडून राहण्याचा असतो. दबलेले स्नायू खराब होतात, त्यातील घटक रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतात. शरीरातले पाणी कमी होते, त्वचेला जखमा होतात.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून डॉक्टर विचारतात, "यांना शेवटचे व्यवस्थित कधी पाहिले होते?" मुलगा परदेशात असेल तर याचे उत्तर शेजारीच देऊ शकतो. दुर्दैवाने "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा" हा आपल्याकडे सभ्यपणा समजला जातो.

दुधाची पिशवी किंवा पेपर दाराशी तसाच असेल तर बेल वाजवा, फोन करा. उत्तर नाही आले तर वॉचमन आणि नातेवाइकांना लगेच कळवा. पडलेल्या व्यक्तीला ओढून उठवू नका. बोलणे अडखळत असेल तर पाणीही पाजू नका. 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

एकटे राहणाऱ्यांनी एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी आणि आतून लावलेले असतानाही बाहेरून किल्लीने उघडता येईल असेच कुलूप लावावे. कडी लावली तर त्या किल्लीचा उपयोग नाही. औषधांची यादी व मुलांचे नंबर फ्रिजवर चिकटवावेत.

वजन घटणे, झोप उडणे, अंघोळ-जेवण टाळणे, विसरभोळेपणा वाढणे असे दिसल्यास "वय झाले" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसची 14416 ही हेल्पलाइन मोफत आहे.