हातात घमेले आहे, थापी का नाही? घर बांधता बांधता गवंडीकाम शिकणाऱ्या महिला

अहिल्यानगर जिल्ह्यात कुठल्याही चालू बांधकामावर थोडा वेळ उभे राहा. विटा पोचवणारी, वाळू चाळणारी, माल कालवणारी, संध्याकाळी भिंतीला पाणी मारणारी बाईच असते. एकास सहाचा माल कसा दिसतो हे तिला नजरेने कळते. पण थापी, ओळंबा आणि गुण्या पुरुषाच्या हातात. तो गवंडी, ती बिगारी. मजुरीतला फरकही इथूनच सुरू होतो. समान कामाला समान वेतन देणारा कायदा १९७६ सालीच झाला, पण बाईचे काम 'समान' धरलेच जात नाही, कारण तिला ते काम करूच दिले जात नाही.

'बिगारी' हा शब्द बिगार म्हणजे सक्तीच्या, बिनमोबदल्याच्या मजुरीवरून आला आहे. आपल्या समाजाला ही मजुरी नवी नाही. महार वतनाच्या नावाखाली गावाची जी कामे करावी लागत, त्यांत चावडीची आणि गावकुसाची डागडुजीसुद्धा होती. म्हणजे ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नव्हती, तीच भिंत दुरुस्त करायची. १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेब याच जिल्ह्यातल्या हरेगावला आले ते वतनदारांच्या परिषदेसाठी. वतने रद्द करणारा कायदा १९५८ सालचा. त्यामुळे 'श्रमदान करा' असे कोणी म्हटले की आपल्या वस्तीतली म्हातारी माणसे आधी विचारतात, कोणाच्या घरासाठी? प्रश्न बरोबर आहे. पण स्वतःच्या आणि शेजारणीच्या घरासाठी केलेल्या श्रमातून बाई कारागीर होऊ शकते, याचा मोठा दाखला शेजारच्याच मराठवाड्यात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. मारले ते भूकंपापेक्षा घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती. हादरा बसताच त्या सुटल्या आणि माळवद खाली आले. नगर जिल्ह्याच्या जुन्या गावठाणांतही अशी धाब्याची घरे आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पूर्ण उद्ध्वस्त गावांचे पुनर्वसन झाले. पण सुमारे १३०० गावांत घरे उभी होती, फक्त तडकलेली. ती घरमालकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायची, सरकारने हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे, अशी जागतिक बँकेच्या कर्जातून योजना आली. लोकांना ती समजावणार कोण? दिवंगत प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ही जबाबदारी गावातल्या महिला मंडळांवर टाकली. प्रत्येक गावात 'संवाद सहायक' म्हणून बाया नेमल्या गेल्या. त्या घरोघर जाऊन हप्ता कधी मिळतो, सिमेंट किती लागते, हे सांगू लागल्या. मग भिंतीतून आरपार जोड कसा द्यायचा, कोपरे कसे बांधायचे, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा का हवा, माळवदावरची माती का कमी करायची, हे त्या इंजिनिअरकडून शिकल्या. गवंड्याने काम कच्चे केले तर त्याला थांबवू लागल्या. काही जणींनी स्वतःच थापी घेतली. माझ्या मते या योजनेची खरी कमाई घरे नव्हेत, हा थांबवण्याचा अधिकार होता. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया तिथे गेल्या आणि तिथल्या बायांना आपले अनुभव सांगून आल्या.

पुढे झारखंडात २०१८ च्या सुमारास स्वच्छतागृहे आणि घरकुले बांधायला राजमिस्त्री कमी पडले, तेव्हा बचत गटांतल्या हजारो बायांना प्रशिक्षण मिळाले. लोक त्यांना 'राणी मिस्त्री' म्हणू लागले.

बायांना हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातले जामखेड दाखवावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात निरक्षर बाया, त्यांत अनेक दलित बाया, आरोग्यसेविका झाल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांनी त्याच गावातली बाळंतपणे केली. बाळ बाहेर काढणाऱ्या हाताला ओळंबा धरता येणार नाही, असे कोण म्हणेल?

आता पैशाचा हिशेब पाहू. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. ग्रामीण भागात किमान २६९ चौरस फुटांच्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ही मूळ मदत. शिवाय रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची अकुशल मजुरी, अशी घरकुलाची रचना राहिली आहे. म्हणजे घमेल्याचे पैसे वेगळे मिळतात, गवंड्याचे मात्र मूळ मदतीतूनच जातात. घर जोत्यावर किंवा छतापाशी अडकते त्याचे एक कारण हेच. वस्तीतल्या चार जणी बांधकाम शिकल्या तर हा पैसा वस्तीतच राहील.

शिकण्याची सरकारी वाटही आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात ४५ दिवस प्रत्यक्ष घरकुल बांधत शिकवले जाते, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. आखणी, पाया, उभे सांधे एकावर एक येऊ न देता वीट रचणे, प्लास्टर, सगळे त्यात येते. पंचायत समितीत आपल्या भागात पुढची तुकडी कधी, हे विचारावे आणि त्यात बायांची नावे द्यावीत. तुकडी नसेल तर मंजूर झालेल्या चार-पाच घरकुलांच्या बायांनी गट करून एकमेकींची घरे बांधायला एक जाणता गवंडी शिक्षक म्हणून ठरवावा. त्याच्याशी आधीच बोली करावी की पहिल्या घरात तो भिंत रचेल आणि या पाहतील, दुसऱ्यात या रचतील आणि तो ओळंबा लावून तपासेल. अशी बोली नसेल तर पाचव्या घरापर्यंत बाया विटाच वाहतील, आणि त्याला शिकणे म्हणता येणार नाही.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे श्रमदान हा या जिल्ह्यात मानाचा शब्द आहे. पण विनामूल्य कामाला मुदत हवी. शिकण्याचे दिवस संपले की पुढच्या घराला गवंड्याचा दर मागावा, निम्मा नव्हे. आणि दिवसांची नोंद पहिल्या दिवसापासून वहीत ठेवावी. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झाली की मुलांची शिष्यवृत्ती आणि प्रसूतीसाठीचे साहाय्य मागता येते. अर्जात कामाचा प्रकार लिहायची जागा असते. प्रमाणपत्र हातात असेल तर तिथे 'गवंडी' लिहून घ्यावे. न सांगता लिहिणारा तिथे बहुतेक वेळा 'बिगारी'च लिहितो.