माहिती प्रणालीतील गरजनिश्चिती : लंडन रुग्णवाहिका सेवेचा अनुभव (१९९०-१९९६)

माहिती प्रणाली उभारताना सल्लागाराने ग्राहकाच्या गरजा जाणून घ्याव्यात, हे सूत्र पाठ्यपुस्तकांत सहज मांडले जाते. परंतु ग्राहक म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न तितक्या सहजतेने सुटत नाही. लंडन रुग्णवाहिका सेवेच्या संगणकीकरणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

संगणकापूर्वी तेथील नियंत्रण कक्षाचे काम कागदावर चाले. दूरध्वनी घेणारा कर्मचारी छापील नमुन्यावर तपशील लिही, नकाशाच्या पुस्तकात ठिकाण शोधी आणि तो कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवी. एकाच अपघाताविषयी आलेले अनेक दूरध्वनी ओळखणे, कोणती गाडी धाडावी हे ठरविणे, हे सारे अनुभवी माणसांच्या स्मरणावर व तारतम्यावर अवलंबून असे. पद्धत संथ होती, हे निर्विवाद. संगणकीकरणाचा एक प्रयत्न १९९० मध्ये सोडून द्यावा लागल्यावर नव्या प्रणालीसाठी गरजांचा लेखी आराखडा तयार झाला. तो अत्यंत तपशीलवार होता. मात्र रुग्णवाहिकेवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा त्यातील सहभाग नाममात्र राहिला. कामगार संघटनेच्या प्रतिनिधींना निमंत्रण होते, हे खरे. पण १९८९-९० च्या वेतनविषयक संघर्षानंतर परस्परविश्वास उरला नव्हता, आणि निमंत्रण पाठविल्याने माहिती हाती येतेच असे नाही.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी प्रणाली पूर्णपणे कार्यान्वित झाली. प्रत्येक गाडीचे स्थान व स्थिती संगणकास अचूक कळत राहील, हे तिच्यामागील गृहीतक होते. प्रत्यक्षात कर्मचारी नेमून दिलेल्या गाडीऐवजी दुसरी घेऊन निघत, स्थिती कळविण्याची बटणे नेहमीच ठरल्या क्रमाने दाबली जात नसत. संगणकातील चित्र व रस्त्यावरील वास्तव यांत तफावत वाढत गेली. एकाच ठिकाणी दोन गाड्या पोचल्या, तर अन्यत्र रुग्ण ताटकळले. नातेवाइकांच्या वारंवार येणाऱ्या दूरध्वनींनी ताणात भर घातली. दुसऱ्या दिवशी अंशतः जुन्या पद्धतीकडे परतावे लागले. २८ तारखेस मुख्य अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

त्या दोन दिवसांत प्रणाली तांत्रिक अर्थाने बंद पडली नव्हती, आखणीनुसारच चालली होती, असा निष्कर्ष फेब्रुवारी १९९३ च्या चौकशी अहवालाने काढला. (४ नोव्हेंबरला ती खरोखर बंद पडली, ती मात्र आज्ञावलीतील एका चुकीमुळे.) सल्लागार व्यवसायाच्या इतिहासात हा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा ठरतो, कारण प्रणाली आखणीनुसार चालूनही हे घडले. १९९६ मध्ये आलेली पुढची प्रणाली टप्प्याटप्प्याने आणि कर्मचाऱ्यांना आखणीत सामील करून उभारण्यात आली.