बुसांगचे सोने

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात सारखा शिजलेला असतो. सोन्याचे तसे नाही. टनभर दगडात चार-पाच ग्रॅम सोने निघाले तरी खाण पुष्कळदा परवडते, आणि तेही सारखे पसरलेले नसते. नमुन्यात एखादा जाड कण आला की ती जागा श्रीमंत दिसते. शेजारी वीतभर सरकावे तर काहीच नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या खाणींत डॅनी क्रिग या अभियंत्याने १९५१ साली हे आकड्यांनी दाखवले. नमुन्यावरून जे भाग फार श्रीमंत ठरतात, ते खणल्यावर सरासरीने कमीच भरतात.

हा झाला निसर्गाचा चकवा. माणसाने दिलेला चकवा बोर्निओ बेटावरचा.

तिथे, इंडोनेशियाच्या हद्दीत, बुसांगची जागा १९९३ साली कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने हाती घेतली. हिऱ्याचे दात असलेल्या पोकळ बोअरने दगडाचा लांब दांडा वर येतो, त्याला गाभा म्हणतात. रीत अशी की गाभा उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेत धाडायचा आणि अर्धा पेटीत जपायचा. पुढे कोणी शंका काढली, तर तो अर्धा साक्षीला हजर! बुसांगला मात्र थोडे तुकडे सोडून सगळा गाभा कुटायला जाई. सोने जाड कणांचे, म्हणून नमुना मोठा हवा, असे कारण देत. ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध. माझ्या मते फसवणूक पचली ती इथेच, कारण फेरतपासणीला फारसे काही उरलेच नाही. पिशव्या प्रयोगशाळेत पोचण्याआधी त्यांत बाहेरचे सोने मिसळले जात होते. त्याच्या कणांच्या कडा घासून गोल झालेल्या होत्या, नदीच्या वाळूतल्या सोन्याच्या असतात तशा.

१९९७ च्या फेब्रुवारीत आकडा सात कोटी औंसांवर, म्हणजे सुमारे २,२०० टनांवर गेला. मार्चमध्ये फ्रीपोर्ट कंपनीने जुन्या भोकांच्या शेजारीच आपली भोके घेतली. सोने जवळजवळ नाहीच! १९ मार्चला तिथला भूशास्त्रज्ञ द गुझमान हेलिकॉप्टरमधून पडून मेला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या तिऱ्हाईत संस्थेने नमुन्यांत भेसळ झाल्याचा निर्वाळा दिला. अब्जावधी डॉलरांचे शेअर मातीमोल झाले. त्यांत ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा पैसाही होता.

२००१ साली कॅनडाने नियम केला, की खनिजाचा अहवाल जाणकार व्यक्तीच्या जबाबदारीवर निघावा आणि नमुने कसे सांभाळले तेही त्यात लिहावे. भेसळ कोणाच्या हाताने झाली, हे मात्र कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही.