पोंदूर घेतलात का त्यांच्याकडून?

चेचेन लोकांत तैमूरलंगाची एक दंतकथा आहे. १३९५ साली तैमूरनं कॉकेशसच्या उत्तरेला, तेरेक नदीकाठी, तोख्तामिश खानाचा पराभव केला. दंतकथेत तैमूरची फौज चेचेनांच्या पूर्वजांची गावंही उद्ध्वस्त करते. परत निघताना तो सरदारांना विचारतो, त्या लोकांचा पोंदूर काढून घेतलात का? पोंदूर म्हणजे तीन तारांचं एक साधं लाकडी वाद्य. सरदार म्हणतात, नाही. तेव्हा तैमूर म्हणतो, मग तुम्ही त्यांची फौज मारलीत, त्यांना जिंकलं मात्र नाहीत. आणि अशा माणसांशी दोस्ती बरी, असं म्हणून तो आपली तलवार त्यांच्यासाठी मागे ठेवून जातो.

आता ही दंतकथाच. इतिहासाच्या मास्तरानं ती पुरावा म्हणून वर्गात सांगू नये. पण एखादा समाज स्वतःबद्दल कुठली गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतो, हाही एक पुरावाच असतो. आमचं खरं शस्त्र कुठलं, तर ते वाद्य, असं या लोकांना वाटत आलं आहे.

ही कथा आज आठवायचं कारण म्हणजे इमाम अलिमसुलतानोव. गेले काही दिवस या माणसाची गाणी ऐकतो आहे. भाषेचं एक अक्षर कळत नाही. गिटार घेऊन तो गातो आणि ऐकताना वाटतं, हा माणूस आपल्याला काहीतरी सांगतोय आणि ते सांगितल्याशिवाय उठणार नाही. तर मंडळी, आज त्याच्याविषयी.

तो गायचा त्या गाण्यांना 'इल्ली' म्हणतात. वीरांच्या कथा सांगणारी लांबलचक गाणी. वाचकांना पोवाडा आठवेल, आणि ते बरोबरच आहे, पण इल्लीत डफ-तुणतुण्याचा ठेका नाही. एकटा गायक पोंदूर छेडत अर्धं बोलत, अर्धं गात कथा पुढे नेतो. अशा गायकाला 'इल्लांचा' म्हणतात. इल्लीचा नायक राजा असेलच असं नाही, पुष्कळदा तो विधवेचा एकुलता एक मुलगा असतो. घरात काही नाही, अंगात हिंमत आहे आणि आईचा धाक आहे. तो लढतो ते अन्याय करणाऱ्या सरदाराशी, किंवा मित्राला दिलेल्या शब्दाखातर, किंवा घरी आलेल्या पाहुण्याच्या रक्षणासाठी. मित्र दुसऱ्या जमातीचा असला तरी चालतो. कोण शूर, यापेक्षा कोण माणूस म्हणून नीट वागला, याचा निवाडा इल्लीत होतो.

रशियन लेखक टॉलस्टॉय तरुणपणी १८५१ साली कॉकेशसमध्ये गेला होता. रशियाचं सैन्य तेव्हा तिथल्या डोंगरी लोकांशी लढत होतं आणि हाही त्याच सैन्यात दाखल झाला. पण १८५२ साली त्यानं चेचेन मित्रांकडून दोन लोकगीतं ऐकली आणि रशियन अक्षरांत उतरवून घेतली. चेचेन लोकगीतं अशी कागदावर उतरल्याचा हा अगदी सुरुवातीचा दाखला. पुढे कित्येक वर्षांनी त्यानं 'हाजी मुराद' ही कादंबरी लिहिली, त्यातही डोंगरी गाणी आहेतच. ज्यांच्याशी लढायला गेला, त्यांची गाणी घेऊन परत आला.

कुणी म्हणेल, गाण्याचं एवढं काय? इतिहास तर पुस्तकांत असतो.

इथेच खरी गोम आहे. चेचेन भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत. १९२५ च्या सुमारास ती रोमन लिपीत आणली गेली. १९३८ मध्ये रोमनही गेली आणि रशियन लिपी आली. म्हणजे पंधरा वर्षांच्या आत तीन लिप्या! आजोबांनी लिहिलेलं बापाला वाचता येईना आणि बापानं लिहिलेलं मुलाला. आपल्याकडे मोडी गेली तर दप्तरंच्या दप्तरं मुकी झाली, हे आपण जाणतो. यांचं तर तेच दोनदा झालं.

आणि मग आलं २३ फेब्रुवारी १९४४. लाल सैन्याचा वर्धापनदिन म्हणून लोकांना गावोगाव बोलावलं आणि तिथेच सांगितलं की तुम्ही जर्मनांचे साथीदार आहात, सामान बांधा. स्टॅलिनच्या हुकमानं चेचेन आणि त्यांचे भाऊबंद इंगुश, मिळून जवळजवळ पाच लाख माणसं, अगदी तान्ह्या मुलांसह, मालगाडीच्या डब्यांत भरून कझाकस्तान आणि किरगिझियाला पाठवली. ऐन हिवाळा. वाटेत आणि नंतरच्या वर्षांत थंडी, भूक आणि तापाच्या साथी यांनी त्यातली फार मोठी संख्या मेली. त्यांचं प्रजासत्ताक नकाशावरून पुसलं. गावांची नावं बदलली. जुनी हस्तलिखितं जाळली. कबरींवरचे कोरीव दगडसुद्धा उपटून रस्त्यांच्या आणि इमारतींच्या कामाला वापरले.

लिपी गेली, कागद गेले, गाव गेलं, कबरी गेल्या. तेरा वर्षांच्या त्या वनवासात काय उरलं असेल? जे तोंडी होतं तेच.

१९५७ च्या जानेवारीत, स्टॅलिन मेल्यावर चार वर्षांनी, परतीचा हुकूम निघाला. त्याच वर्षी, ९ जुलैला, इमाम अलिमसुलतानोव जन्माला आला. जन्म चेचन्यातला नाही, शेजारच्या दागेस्तानातल्या खासाव्युर्त गावचा. या भागातही चेचेनांची जुनी वस्ती आहे. १९४४ मध्ये त्यांनाही हद्दपार केलं होतं आणि त्यांच्या गावांत दुसऱ्या लोकांना आणून बसवलं होतं. परत आल्यावर त्यांना आपली घरं मिळाली नाहीत. बरेच जण खासाव्युर्त आणि आसपास राहिले. आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर, पण आपल्या गावात नाही.

या पिढीचं शिक्षण रशियन माध्यमातून झालं. चेचेन भाषा असलीच तर एक विषय म्हणून. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे याचा अर्थ मला सांगावा लागत नाही. घरची भाषा अशी 'विषय' होऊन बसली की ती हळूहळू स्वयंपाकघरात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडात उरते.

अलिमसुलतानोवनं काय केलं, तर इल्ली गिटारवर आणली. त्या काळी सोव्हिएत संघात गिटार घेऊन गाणी म्हणणाऱ्या एकट्या गायकांची मोठी हवा होती. व्हिसोत्स्कीचं नाव आपल्याकडेही काहींनी ऐकलं असेल. तरुणांच्या हातात गिटार होती, पोंदूर नव्हता. मग यानं आजोबांची गाणी नातवांच्या वाद्यावर चढवली. कुणा जाणकाराला हे भ्रष्ट वाटेल. मला मात्र हे फार शहाणपणाचं वाटतं. शब्द तेच, कथा तीच, सांगण्याची रीत तीच, बदलल्या फक्त तारा.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडकळीला आला आणि चेचन्यानं दुदायेवच्या नेतृत्वाखाली स्वातंत्र्य जाहीर केलं. ११ डिसेंबर १९९४ रोजी रशियन फौजा आत शिरल्या. ३१ डिसेंबरला, जग नव्या वर्षाचं स्वागत करत असताना, राजधानी ग्रोझ्नीवर मोठा हल्ला झाला. हे शहर मूळचं १८१८ साली रशियन सेनापती येरमोलोव्हनं बांधलेला किल्ला, 'ग्रोझ्नी' म्हणजे भयंकर. त्या हिवाळ्यात शहर नावाला जागलं. तोफा आणि विमानं यांनी मधला भाग पार चिणून टाकला. मेलेल्यांत म्हातारे रशियन लोकही पुष्कळ होते. चेचेनांना निदान पळून जायला नातेवाइकांची खेडी होती. या म्हाताऱ्यांना कुठे जायला जागा नव्हती. ते तळघरांत बसून राहिले आणि आपल्याच देशाच्या बॉम्बखाली मेले.

त्या मोडतोडीत शहरातलं चेकॉव्हच्या नावाचं मोठं ग्रंथालय गेलं आणि सरकारी दफ्तरखानाही गेला. पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा या लोकांचे कागद जळाले.

आणि हा माणूस त्या युद्धात गिटार घेऊन हिंडत होता. लढणाऱ्यांपुढे गात होता, लोकांपुढे गात होता. कॅसेट हातोहात फिरत होत्या. तुर्कस्तानातही त्याचे कार्यक्रम झाले. जुन्या इल्लींच्या जोडीला तो आता नवीन, चालू लढाईची गाणी म्हणू लागला होता.

इथे मी थोडा अडखळतो. लढणाऱ्यांपुढे वीरगाथा गाणं म्हणजे काय, हे सोपं नाही. अठरा-वीस वर्षांचं पोर ते गाणं ऐकून उठतं आणि परत येत नाही. समोर रणगाड्यात बसलेलं पोरही तेवढंच, सक्तीनं भरती होऊन आलेलं, कुठल्या तरी रशियन खेड्यातलं, आणि त्याचीही आई वाट बघतेय. गाणाऱ्याच्या हातात बंदूक नसते म्हणून त्याच्यावर काहीच जबाबदारी नसते, असं मला म्हणता येत नाही. वर्गात वीरांच्या कथा रंगवून सांगताना पोरांचे डोळे चमकताना मी पाहिले आहेत. तेव्हा छाती फुगायची. आता या वयात त्या चमकणाऱ्या डोळ्यांची थोडी भीती वाटते.

पण दुसरी बाजूही आहे. ज्याची कागदपत्रं दोनदा जळाली, त्या समाजात कोण कुठे मेला हे लिहून ठेवायचं कुणी? ते काम गायकाकडे येतं. तो लढाईला चेतवतो हे खरं, पण मेलेल्याचं नावही तोच राखतो. ही दोन कामं वेगळी करता आली असती तर किती बरं झालं असतं. युद्धात ती वेगळी होत नाहीत.

ऑगस्ट १९९६ मध्ये चेचेन लढवय्यांनी ग्रोझ्नी परत घेतलं आणि मॉस्को वाटाघाटीला तयार झालं. ३१ ऑगस्टला रशियाचा जनरल लेबेद आणि चेचेनांचा मस्खादोव यांनी करारावर सह्या केल्या. कुठे? खासाव्युर्तला! अलिमसुलतानोवच्या जन्मगावी. पहिलं चेचेन युद्ध थांबवणारा करार आजही त्या गावाच्या नावानं ओळखला जातो.

युद्धाच्या आगीतून हा माणूस जिवंत बाहेर पडला. आणि १० नोव्हेंबर १९९६ रोजी, कराराला अडीच महिनेही झाले नसताना, युक्रेनमधल्या ओदेसा बंदरात त्याचा खून झाला. रणांगणापासून शेकडो मैल दूर, काळ्या समुद्राच्या पलीकडच्या काठावर, शांततेच्या काळात. वय ३९.

शांतता टिकली नाहीच. १९९९ मध्ये दुसरं युद्ध सुरू झालं. तोवर तरुणांच्या कानांत दुसराच आवाज होता, तिमूर मुत्सुरायेव या गायकाचा. तोही गिटारवरच गायचा, पण बहुतेक रशियन भाषेत. ज्यांच्याविरुद्ध गाणं, त्यांच्याच भाषेत गाणं. रशियन शाळांनी आपलं काम चोख केलं होतं म्हणायचं. गाण्यांतला विधवेचा मुलगा आणि पाहुणा मागे पडला, धर्मयुद्ध पुढे आलं. पुढे रशियात त्याच्या अनेक गाण्यांवर बंदी आली. २००८ मध्ये तो चेचन्याला परतला आणि गाणं थांबलं.

आणि आता शेवटचं. एप्रिल २०२४ मध्ये चेचन्याच्या संस्कृती मंत्रालयानं एक फर्मान काढलं. यापुढे तिथलं सगळं संगीत, गाणी आणि नाच मिनिटाला ८० ते ११६ ठोके एवढ्याच लयीत असावेत! कारण काय, तर चेचेन स्वभावाला हीच लय साजते म्हणे. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, ग्रोझ्नीतलं १९४४ च्या हद्दपारीचं स्मारक हलवलं होतं. नव्वदच्या दशकात त्या उपटलेल्या कबरींचे दगड गोळा करून ते उभं केलं होतं. दगड हलवता आले. राहता राहिली गाणी.

मी अलिमसुलतानोवचं गाणं लावून घड्याळ समोर ठेवलं आणि ठोके मोजायचा प्रयत्न केला. जमेना. कारण इल्लीत गायक थांबतो, शब्दावर रेंगाळतो, एकदम धावतो, पुन्हा थांबतो. सांगणाऱ्याचा श्वास हीच त्याची लय.

तैमूरचा प्रश्न सहाशे वर्षांनी कुणीतरी पुन्हा विचारतंय, असं वाटलं. फक्त या वेळी पोंदूर हिसकावून घेतला जात नाही. हातात राहू देतात आणि कसा वाजवायचा ते सांगतात.

असो. वेळ मिळाला तर एकदा ऐका. अर्थ कळणार नाही. मलाही कळत नाही, तरी रोज एक ऐकतो.