‘डू’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविकास

इंग्रजीतील ‘डू’ या क्रियापदाचा अर्थ ‘करणे’ एवढाच सांगून थांबणे इतिहासाला धरून नाही. हे क्रियापद व संस्कृत ‘धा’ धातू यांचे मूळ एकच असून ‘ठेवणे’ हा त्याचा आद्य अर्थ होय. वस्त्र अंगावर चढविणे या अर्थाचा ‘डॉन’ आणि उतरविणे या अर्थाचा ‘डॉफ’ हे शब्द ‘डू ऑन’, ‘डू ऑफ’ यांचेच संक्षेप. त्यांत तो अर्थ अद्यापि शिल्लक आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत ‘डू’ प्रयोजकही होता. ‘राजाने वाडा बांधविला’ अशा वाक्यात गवंड्याचा उल्लेख गळाला, की ‘बांधविला’ आणि ‘बांधला’ यांतील भेद पुसट होतो. याच वाटेने ‘डू’ अर्थ गमावून सहाय्यकारी झाला, असे स्वीडिश भाषाभ्यासक एलेगोर्ड यांनी १९५३ मध्ये प्रतिपादिले. केल्टिक भाषांचा प्रभाव मानणाराही एक पक्ष आहे. परंतु पहिल्या उपपत्तीत अर्थलोपाची पायरी तरी स्पष्ट दिसते. सोळाव्या शतकात साध्या होकारार्थी विधानांतही ‘डू’ विपुल आढळतो. पुढे तेथून तो ओसरला; प्रश्न व नकार यांत मात्र स्थिरावला. ‘जाणणे’ या अर्थाच्या ‘नो’ क्रियापदाने तेवढा हट्ट धरला : ‘आय नो नॉट’ ही जुनी रचना अठराव्या शतकातही चालू होती.